वीस-शून्य

आमची टीम का बुडाली, याची केज तालुक्यात निदान चार तरी कारणं सांगतात. पोरींना माज आला होता. बाहेरून आणलेल्या पोरींनी आपल्या पोरी बिघडवल्या. बास्केटबॉल हा आपल्या मातीतला खेळच नाही. आणि सगळ्यांचं लाडकं कारण म्हणजे धनश्रीने भर कार्यक्रमात फेट्याचा अपमान केला. ज्याने जन्मात बास्केटबॉल हातात धरला नाही, तोसुद्धा टपरीवर चहा पिता पिता हे छातीठोकपणे सांगतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी त्या टीमची कॅप्टन होते. बालाघाट वाघिणी, जर्सी नंबर चार, योगिता. काय झालं ते मी अगदी जवळून पाहिलंय आणि आता मला गप्प बसवत नाही.

टीम निघाली ती दोन हजार बावीसच्या दिवाळीनंतर. पुण्याकडच्या काही लोकांनी मुलींची व्यावसायिक बास्केटबॉल लीग काढायचं ठरवलं. आठ संघ, आठ मालक. सात मालक शहरातले आणि आठवे आमचे रामप्रसाद भैय्या. भैय्यांचे खडीचे तीन क्रशर, रस्त्यांची कंत्राटं, एक शिक्षणसंस्था आणि केजच्या बाहेर एक भलंमोठं मंगल कार्यालय. नव्हती ती फक्त आमदारकी. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की क्रिकेटचे सामने भरवणारे पुढारी गल्लोगल्ली झालेत, पोरींचा बास्केटबॉल काढा, थेट मुंबईपर्यंत नाव जाईल. भैय्यांना खेळातलं काय कळत होतं? पहिल्या दिवशी त्यांनी आमचे कोच जीवन सर यांना विचारलं होतं, "सर, ह्येच्यात गोलकीपर कोन?"

पण जीवन सरांना भैय्यांच्या अडाणीपणाशी देणंघेणं नव्हतं. पंधरा वर्षं हा माणूस शाळेमागच्या मातीत चुन्याच्या रेषा मारून पोरींना खेळ शिकवत होता. पावसाळ्यात रेषा वाहून जायच्या, हे पुन्हा मारायचे. त्यांना खरं कोर्ट, खरे बूट आणि खरे सामने मिळणार होते. त्यासाठी ते भैय्यांच्या क्रशरवर जाऊन दगडसुद्धा फोडायला तयार झाले असते.

मला तर काही विचारायचंच नव्हतं. माझी उंची पाच फूट अकरा इंच. माझे वडील आसाराम, म्हणजे आमचे आबा, मेंढरं राखतात. गावात मला सगळे शिडी म्हणायचे. स्थळं यायची, मला उभी राहिलेली बघायची आणि चहा न संपवताच उठायची. ज्या उंचीपायी आईने मला चारचौघांत जरा वाकून चालायला शिकवलं होतं, त्या उंचीसाठी कुणीतरी मला करारावर सही करायला बोलावत होतं. मी सही केली तेव्हा आतलं एक अक्षरही वाचलं नाही. आमच्यातल्या कुणीच वाचलं नाही.

बारा जणींपैकी आठ जणी आपल्या जिल्ह्यातल्या. त्यातली सगळ्यात लहान धनश्री, चौसाळ्याकडची, अठरा वर्षांची. तिच्याही घरी मेंढरंच. बाप गेल्यावर आई रतनबाईने कळप सांभाळला आणि पोरगी शिकवली. पेपरवाल्यांनी तिचा मेंढरांसोबत फोटो काढून छापला, 'कळपातून कोर्टवर'. अरे, मेंढरं वळून बास्केटबॉल येतो का? मग अख्खा धनगरवाडा ऑलिंपिकला गेला असता. ती रोज पहाटे पाचला येऊन पाचशे बास्केट मारायची. बोटांना चिरा पडल्या की चिकटपट्टी लावून मारायची. ते नाही छापलं कुणी.

आमचं घरचं कोर्ट म्हणजे भैय्यांचं मंगल कार्यालय. पत्र्याचा उंच हॉल, खाली नवी निळी फरशी, दोन्ही टोकांना चाकांवरचे बोर्ड. लग्नतिथी असली की बोर्ड ढकलून भटारखान्यात. एकदा आमचा सराव चालू असताना हळदीची बायामंडळी आली आणि आम्हाला म्हणाली, पोरींनो, आवरा लवकर, नवरी खोळंबलीय. एकदा तर सामन्याच्या दिवशी रिंगला आदल्या लग्नाचा झेंडूचा हार तसाच लटकत होता. पंच हसले, आम्हीही हसलो. तेव्हा हसायला येत होतं.

आणि लोक आले, हे मात्र मी कधी विसरणार नाही. पहिल्या सामन्याला दीडशे माणसं होती, तिसऱ्याला हॉल भरला. केजच्या बाजारातून, आडसहून, चौसाळ्याहून जीपा भरभरून यायच्या. बायका यायच्या. पहिल्यांदा लाजत पदर तोंडाला लावून बसायच्या, शेवटी उभ्या राहून पंचाला शिव्या घालायच्या. आमच्या आबांनी पहिला सामना पाहिला आणि घरी येऊन म्हणाले, "येवढ्या गलक्यात त्यो एक शिट्टी मारतो अन् समद्या जागच्या जागी उभ्या ऱ्हात्यात. लई शिस्त हाय बाबा. आपली मेंढरं बी न्हाईत येवढी ऐकत." त्यांच्या तोंडून माझं एवढंच कौतुक झालं आणि मला ते पुरलं.

पहिल्या वर्षी आम्ही पाचव्या आलो. दुसऱ्या वर्षी, दोन हजार चोवीसला, चौदापैकी अकरा सामने जिंकून थेट उपांत्य फेरीत. शहरातल्या टीमचे ट्रेनर, डॉक्टर, एसी बस. आमच्याकडे जीवन सर आणि भैय्यांच्या संस्थेची पिवळी स्कूलबस. तरी आम्ही त्यांना हरवलं. धनश्री लीगमध्ये सगळ्यात जास्त गुण करणारी खेळाडू झाली होती. वीस वर्षांची पोर!

पण आपल्याकडे कुणाचं चांगलं झालं की त्याचा सत्कार करून करून जीव घेतात. बोअरला पाणी लागलं, सत्कार. पोरगं तलाठी झालं, सत्कार. आमचा तर प्रत्येक विजयानंतर. शाल, नारळ, फेटा, आणि माइकवर रामहरी. रामहरी हा तालुक्याचा निवेदक. लग्न, वाढदिवस आणि शोकसभा या तिन्हींना एकच शायरी वापरतो. सामना संपून घामाने निथळत असताना आम्ही दीड-दीड तास रांगेत उभ्या राहायचो. सरपंच, उपसरपंच, चेअरमन, भैय्यांचे साडू. पायात गोळे यायचे. स्वप्नाली एकदा चक्कर येऊन पडली तर रामहरी माइकवर म्हणाला, "बघा, आनंद मावेना!" आम्ही कधी तक्रार केली नाही. मान आहे, घ्यावा, असंच आम्हाला शिकवलंय. मान देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, ही आमची जुनी खोड, आणि तीच आमच्या मुळावर आली.

उपांत्य सामना ऑगस्टमध्ये, आमच्याच हॉलमध्ये, कोल्हापूरच्या टीमशी. विधानसभा तोंडावर आली होती. भैय्यांनी मुंबईहून पक्षाचे एक मोठे पाहुणे बोलावले होते. तिकीट त्यांच्या हातात, असं सगळे बोलायचे. पाहुणे चार वाजता येणार, त्यांचा सत्कार होणार आणि मग सामना, असं ठरलं होतं. चारचे पाच झाले. पंच साताऱ्याचे, कडक माणूस. ते म्हणाले, आता थांबणार नाही. सामना सुरू झाला.

असा सामना मी परत खेळणार नाही. कोल्हापूरच्या पोरी आमच्यापेक्षा उंच, आमच्यापेक्षा ताज्या. तिसऱ्या भागात आम्ही नऊ गुणांनी मागे होतो. धनश्रीने लागोपाठ चार बास्केट केल्या, मी दोन, दीपालीने एक लांबून मारली. हॉलचा पत्रा हलत होता. शेवटची एक मिनिट चाळीस सेकंद उरली तेव्हा बोर्डावर एकसष्ट-एकोणसाठ. आम्ही पुढे. चेंडू आमचा.

तेवढ्यात बाहेर फटाके वाजले. पाहुणे आले होते.

भैय्या खुर्चीतून उठले आणि जीवन सरांकडे बघून हाताने 'थांबवा' अशी खूण केली. सरांनी मान हलवली, नाही म्हणून. भैय्या चालत त्यांच्याजवळ आले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण सरांचा चेहरा मी पाहिला. पंधरा वर्षं चुन्याच्या रेषा मारणाऱ्या माणसाचा चेहरा एका वाक्यात पडला. त्यांनी टेबलाकडे जाऊन टाइमआउट मागितला. आमचा शेवटचा. मिळतो तो एक मिनिट.

एका मिनिटात आमच्याकडे माइकचं 'हॅलो हॅलो चेक'सुद्धा होत नाही! रामहरीने सुरुवात केली ती शायरीपासून. पाहुण्यांना व्यासपीठावर नेलं. मग म्हणाला, सत्काराला आपल्या वाघिणी हव्यात, पोरींनो, या इकडे. आणि फेटेवाल्यांना हाक मारली. दोन फेटेवाले अंबाजोगाईहून खास आणलेले. एक फेटा बांधायला चांगला हात असला तरी मिनिट-दीड मिनिट लागतं. आम्ही बारा जणी. कोर्टाच्या कडेला आम्हाला रांगेत उभं केलं आणि डोक्यांवर केशरी कापड गुंडाळायला सुरुवात झाली. घाम डोळ्यांत उतरत होता. कोल्हापूरच्या पोरी आपल्या जागांवर उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. त्यांच्यातली एक हसली आणि मला तिला कानफटात द्यावीशी वाटली. तिचं काय चुकलं होतं?

पंचांनी शिट्टी मारली. मग उशीर केल्याचा दंड दिला, कोल्हापूरने त्याचा एक गुण घेतला, एकसष्ट-साठ. कुणाचं लक्ष नव्हतं. पंच टेबलावर गेले, परत आले आणि माझ्यासमोर उभे राहून शांतपणे म्हणाले, "कॅप्टन, पाच मुली आत आणा. दोन मिनिटं देतो. नाहीतर सामना गेला."

माझ्या हातात ताट होतं. ताटात शाल, नारळ, हळदीकुंकू. कॅप्टन म्हणून पाहुण्यांना शाल मी घालायची होती. भैय्या माझ्या शेजारीच उभे. हसऱ्या तोंडाने, ओठ न हलवता म्हणाले, "हलायचं न्हाई. साहेबांचं व्हऊ दे."

तेव्हा धनश्री रांगेतून बाहेर पडली. तिने डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी अलगद उचलला, तिच्या खुर्चीवर ठेवला आणि कोर्टात जाऊन उभी राहिली. नीट ऐका, फेकला नाही, ठेवला. मी चार हातांवरून पाहिलंय. तिने चेंडू मागितला. पंच म्हणाले, "बाळ, एकटीवर सामना चालत नाही. चेंडू आत टाकायला आणि घ्यायला दोघी तरी लागतात. अजून एकजण येऊ दे, मी खेळ सुरू करतो. बाकीच्या येतील मागून."

धनश्रीने माझ्याकडे पाहिलं. "ताई," ती ओरडली, "ताई, ये की!"

सातशे माणसं होती हॉलमध्ये. त्यातल्या निम्म्यांना कळलं होतं काय चाललंय. आणि मी, पाच फूट अकरा इंचांची शिडी, हातात ताट धरून उभी. पाय हलले नाहीत. मी स्वतःला सांगत होते, आत्ता होईल, आत्ता संपेल, अजून मिनिटभर. माझ्या मागे दहा जणी माझ्याकडे बघत होत्या. मी हलले असते तर त्या हलल्या असत्या.

शिट्टी वाजली. लांब, एकच. सामना कोल्हापूरला बहाल, वीस-शून्य. नियमच आहे तो, अशा वेळी आधीचे गुण धरतच नाहीत. आमचे एकसष्ट गुण कुठेच गेले नाहीत, ते झालेच नाहीत. मी पाहुण्यांना शाल घातली. ती खांद्यावर नीट करत त्यांनी भैय्यांना विचारलं, "काय, जिंकल्या का पोरी?" आणि भैय्या म्हणाले, "हो साहेब, तुमचा पायगुण!" टाळ्या पडल्या. धनश्री अजून कोर्टातच उभी होती.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त उलटं ठाऊक आहे. तिकीट भैय्यांना मिळालं नाही. त्यांच्यापेक्षा वजनदार कुणीतरी मुंबईत बसलेलंच होतं, फेट्याबिट्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण चोराच्या उलट्या बोंबा! भैय्यांनी सांगितलं, पोरीने साहेबांसमोर फेटा फेकला, साहेब दुखावले, म्हणून तिकीट गेलं. पंधरा दिवसांत टीम बंद. बाहेरच्या चौघी आपापल्या गावी गेल्या. स्वप्नालीचं लग्न झालं, दीपाली पोलीस भरतीच्या मागे लागली. निळ्या फरशीवर पंगती उठायला लागल्या. जीवन सर पुन्हा शाळेमागे चुना मारायला लागले.

मला भैय्यांनी त्यांच्या शाळेत क्रीडाशिक्षिका केलं. तात्पुरती. लोक म्हणाले, बघा, भैय्यांचं मन मोठं. मन कसलं मोठं, तोंड बंद करायचं बूच होतं ते, आणि मी ते आनंदाने लावून घेतलं.

अडकली ती धनश्री. करार तीन वर्षांचा होता आणि मालक सोडपत्र देईपर्यंत दुसऱ्या टीमकडून खेळता येत नाही, असं त्या न वाचलेल्या कागदात लिहिलेलं होतं. पुण्याच्या टीमला ती हवी होती. त्यांनी दोनदा पत्र पाठवलं. भैय्या म्हणाले, आधी माफी मागू दे, माझ्या वाढदिवसाला, स्टेजवर, साहेबांचं नाव घेऊन. ती म्हणाली, मी काय केलंय? बस. आठ महिने ती चौसाळ्याच्या माळावर आईबरोबर मेंढरं राखत राहिली. वीस-एकविसाव्या वर्षातले आठ महिने. खेळाडूच्या आयुष्यात ते किती असतात हे खेळाडूलाच कळतं. नात्यातले लोक रतनबाईला सांगायला लागले, आता पुरे झालं, पोरगी उजवून टाका. एक स्थळही ठरत आलं होतं.

शेवटी लीगने चौकशी समिती नेमली. मालकानेच सामना बुडवला असं सिद्ध झालं तर करार रद्द, पोरगी मोकळी. एप्रिलमध्ये मला त्यांचं पत्र आलं. सात प्रश्न, उत्तरं लेखी द्यायची, सोमवारपर्यंत. त्याच दिवशी भैय्यांचा निरोप आला, क्रशरवर ये.

ऑफिसात सगळीकडे खडीची पांढरी धूळ. भैय्यांनी माझ्यापुढे टाइप केलेला कागद सरकवला. सातही प्रश्नांची उत्तरं तयार होती. त्यात लिहिलं होतं, की खेळाडू धनश्री हिने कॅप्टनचा व प्रशिक्षकांचा आदेश मोडून गोंधळ घातला, त्यामुळे संघ वेळेत मैदानात उतरू शकला नाही.

"सही कर बाळा," भैय्या म्हणाले. "तुझी कायमची ऑर्डर ह्याच महिन्यात काढतो. आसारामला बी सांग, पोरीचं कल्याण झालं."

"भैय्या, ती तर एकटीच आत गेलती," मी म्हणाले.

"मग? एकटी गेली म्हंजी तुम्हाला सोडूनच गेली ना? खोटं काय हाय ह्येच्यात?"

मी कागद घडी करून घरी आणला. राग इतका होता की जीपमध्ये शेजारच्या बाईने जरा सरक म्हटलं तर मी तिच्यावर खेकसले. पण सही करणार नाही असं भैय्यांच्या तोंडावर म्हटलं का? नाही म्हटलं. कायमची ऑर्डर, हे दोन शब्द डोक्यात वळवळत होते. घरात पहिला पगारी माणूस मी होते.

शनिवारी जीवन सर आले. उंबऱ्यातच उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, "मी माझा जबाब दिला. टाइमआउट मी मागितला आणि कुणाच्या सांगण्यावरून मागितला तेबी लिहिलं. पण मी रेषेबाहेरचा माणूस. समिती म्हणते, आत कुणी का आलं नाही ते कॅप्टननंच सांगावं. तुझ्याशिवाय अडलंय सगळं." आणि वळून गेले. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आबा मेंढरं कोंडून आले. खाटेवर कागद दिसला. त्यांना वाचता येत नाही. म्हणाले, "काय लिवलंय? वाच की."

मी वाचलं. आवाज चढवून, भरभर वाचलं, म्हणजे लवकर संपेल. आबा ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "ही धनश्री म्हंजी आपल्या रतनबाईची पोर ना?"

"हो."

"मग ह्ये कुन्या दुसऱ्या दिसाचं आसंल. त्या दिशी मी व्हतो की तिथं. ती पोर बोलवत व्हती अन् तुमी समद्या हुब्या व्हत्या." त्यांनी चंबूतून पाणी घेतलं, पायांवर ओतलं. "मला वाटलं, आता तू जाशील. मग जाशील. मी मनातल्या मनात म्हनत बी व्हतो, जा की गं."

आठ महिने ते हे मनात ठेवून माझ्या हातची भाकरी खात होते.

मी वही काढली आणि लिहायला बसले. हाताने, पेनाने. भैय्यांनी काय खूण केली, काय म्हणाले, किती फेटे बांधले, पंचांनी किती वेळ दिला, धनश्रीने फेटा कुठे आणि कसा ठेवला. सहा उत्तरं तासाभरात झाली. सातव्या प्रश्नाला मात्र मी रविवारची दुपार लावली. सामना संपल्यावर पंधरा मिनिटांत कॅप्टनने गुणपत्रिकेवर सही करून निषेध नोंदवायचा असतो, नोंदवला असता तर प्रकरण त्याच आठवड्यात लीगपुढे आलं असतं. तुम्ही तो का नोंदवला नाही? त्या पंधरा मिनिटांत तुम्ही काय करत होता? मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पान फाडलं. पाचव्यांदा जे लिहिलं ते खरं लिहिलं.

जबाब सोमवारी सकाळी सरांनी पाठवला. मंगळवारी मला शाळेतून सांगितलं की तासिका कमी झाल्यात, उद्यापासून येऊ नका. शिपायाच्या तोंडून सांगितलं. मुख्याध्यापकाला समोर यायचीसुद्धा लाज वाटली असेल, किंवा तेवढी माझी किंमत नसेल. तीन आठवड्यांनी समितीचा निकाल आला. मालक दोषी, सगळे करार रद्द. धनश्री मोकळी.

खरं सांगते, मला वाटलं होतं ती धावत येईल. गळ्यात पडेल. मी नोकरी घालवली होती तिच्यासाठी! मी घर सारवून ठेवलं होतं, गूळ-शेंगदाणे काढून ठेवले होते. वेड्यासारखी रस्त्याकडे बघत होते.

ती आली, दोन दिवसांनी, पुण्याला जायच्या वाटेवर. रतनबाई जीपपाशी थांबली. धनश्री वाळली होती, काळवंडली होती, पण चालायची तशीच, टाचा न टेकता. आबांनी बस म्हटलं. ती बसली नाही. पिशवीतून तिने माझ्या जबाबाची प्रत काढली. समितीने तिलाही पाठवली होती.

"सातवं उत्तर तुमी लिवलंय ना?" तिने विचारलं. मला ती नेहमी तू म्हणायची.

"हो."

तिने ते वाचून दाखवलं. आबांसमोर, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "सामना संपल्यानंतर पंधरा मिनिटे मी व्यासपीठावर पाहुण्यांसोबत फोटो काढून घेत होते. पंचांनी मला निषेधाच्या सहीसाठी दोनदा बोलावले. मी त्यांना थांबा म्हणाले."

आबा माझ्याकडे बघत राहिले. पंचांनी मला बोलावलं होतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मी तवा खाली रडत व्हते," धनश्री म्हणाली. "मला वाटलं, तुमाला भैय्यांनी धरून ठेवलं आसंल. आठ महिने मी आईला त्येच सांगितलं. योगीताईचा इलाज न्हवता म्हनून. कावून केलं ताई?"

मला सांगता आलं असतं की मी घाबरले होते. खोटं होतं ते. घाबरले होते ती आधीची दोन मिनिटं. नंतरची पंधरा मिनिटं मला बरं वाटत होतं. डोक्यावर फेटा होता, कॅमेरे होते, मुंबईचा माणूस माझ्या खांद्याला खांदा लावून म्हणत होता, काय उंची आहे हो मुलीची! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी चारचौघांत माझ्या उंचीचं कौतुक करत होतं. हे तिला कसं सांगू?

"नोकरी गेली माझी," मी म्हणाले.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "त्येच्यासाठी आलते. सोडवलं तुमी मला, त्ये मी इसरनार न्हाई." तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला. "पुन्याच्या सरांनी फोनवर इचारलं, तुमच्या टीमची कॅप्टन कशी हाय, तिला बी बोलवू का, उंच पोर पायजे हाय आमाला."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मी न्हाई म्हनलं," धनश्री म्हणाली, आबांच्या पाया पडली आणि जीपकडे चालायला लागली.